बोललेल्या ध्वनींवरून प्रायोगिक, अमूर्त टाइपफेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्षररचना शिकणारे विद्यार्थी, सुलेखनकार, भाषाविज्ञानाचे अभ्यासक आणि आवाजावर काम करणारे कलाकार जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मराठी ध्वनींची आहेत, पण पद्धत कुठल्याही भाषेला लागू पडते. एका उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ध्वनीवर आधारलेला अमूर्त टाइपफेस म्हणजे नेमकं काय? नुसत्या चित्रांपेक्षा तो वेगळा कसा?

फरक नियमाचा आहे. ‘प’ ऐकून सुचलेला एक सुंदर आकार म्हणजे चित्र. पण ‘प’ला जे दृश्य लक्षण दिलं, तेच ‘ब’, ‘भ’, ‘म’ या सगळ्या ओठांच्या ध्वनींत दिसलं, आणि ‘ब’ला घोषत्वासाठी (उच्चारताना कंठात होणाऱ्या कंपासाठी) जे लक्षण दिलं तेच ‘ग’, ‘द’, ‘ड’मध्येही दिसलं, की टाइपफेस सुरू झाला. आकार ओळीत एकमेकांशेजारी बसायला हवेत, त्यांच्यातलं अंतर ठरलेलं हवं आणि कीबोर्डवरून ते टाइप करता यायला हवेत.

अमूर्ततेच्या दोन पातळ्या आहेत. पहिलीत मूळ अक्षर ओळखू येतं आणि ध्वनी फक्त त्याची जाडी, टोकं किंवा वळणं बदलतो. दुसरीत मूळ अक्षर पूर्ण सोडून द्यायचं आणि आकार फक्त ध्वनीतून येतो. या पानावर मुख्यतः दुसऱ्या पातळीबद्दल लिहिलं आहे, कारण बहुतेक अडचणी तिथेच येतात.

२. हे याआधी कुणी केलं आहे का? कुठून शिकावं?

सर्वांत मोठा धडा कोरियन लिपीत आहे. राजा सेजोंगच्या काळात १४४३ साली ती तयार झाली आणि १४४६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ‘क/ग’चं चिन्ह म्हणजे जिभेचं मूळ टाळूकडे उचललेलं असतानाची बाजूची आकृती. ‘न’चं चिन्ह म्हणजे जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकलेलं, ‘म’चं चौकोनी चिन्ह म्हणजे तोंड. ‘न’च्या चिन्हाला एक रेघ वाढवली की ‘त/द’ होतो, आणखी एक वाढवली की ‘थ’. ध्वनीतला बदल आणि रेघेतला बदल असे हातात हात घालून चालतात.

आयझॅक पिटमन यांच्या १८३७ सालच्या लघुलिपीत अघोष ध्वनीला बारीक रेघ आणि त्याच्याच घोष जोडीला तीच रेघ जाड. अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनी १८६७ साली मांडलेल्या पद्धतीत नालेसारखा एकच वक्र वेगवेगळ्या दिशांना वळवून जिभेचा कोणता भाग काम करतो ते दाखवलं आहे. तर्क निर्दोष आहे, पण आकार तोच आणि फक्त दिशा वेगळी असल्यामुळे वाचताना गोंधळ होतो. हाच दोष आजच्या बहुतेक पहिल्या मसुद्यांत दिसतो (प्रश्न ७).

आणि हो, आपली वर्णमाला विसरू नका. ‘क’पासून ‘म’पर्यंतच्या पंचवीस व्यंजनांचा चौकोन हा आधीच ध्वनींचा नकाशा आहे. वरून खाली घशापासून ओठांपर्यंत, आणि प्रत्येक ओळीत अघोष, अघोष महाप्राण (जास्तीच्या श्वासाचा), घोष, घोष महाप्राण, अनुनासिक. देवनागरी अक्षरांच्या आकारांत मात्र हा नकाशा उतरलेला नाही. ‘क’ आणि ‘ग’ डोळ्यांना भावंडं वाटत नाहीत. प्रयोगाला जागा आहे ती इथेच.

३. सुरुवात तोंडातल्या हालचालीपासून करावी, ध्वनिलहरीपासून की कानाला जे ‘वाटतं’ त्यापासून?

तिन्ही स्रोत चालतात, पण मुख्य स्रोत एकच निवडा.

उच्चारप्रक्रिया (ओठ, जीभ, टाळू, कंठ) निवडली तर नियम स्वच्छ मिळतात आणि कुणाच्याही आवाजावर अवलंबून राहावं लागत नाही. व्यंजनांसाठी हाच मार्ग आम्ही सुचवतो. ध्वनिमापन (स्पेक्ट्रोग्राम म्हणजे वेळेनुसार वारंवारता दाखवणारं ध्वनीचं चित्र, वारंवारता, कालावधी) स्वरांसाठी उत्तम, कारण स्वरांत जीभ कुठेच टेकत नाही आणि ‘जागा’ दाखवणं अवघड जातं. मोजलेले आकडे मात्र माणसागणिक बदलतात. तिसरा स्रोत संवेदनेचा: टोकदार, गोल, जड, हलकं. तो आकर्षक आहे, पण त्यावर एकट्यावर सगळी वर्णमाला उभी राहत नाही (प्रश्न ९).

‘क’चा आकार जिभेवरून, ‘स’चा लहरीवरून आणि ‘म’चा भावनेवरून अशी सरमिसळ केली की प्रत्येक आकार सुटा छान दिसतो आणि ओळ लिहिली की कशाचा कशाला मेळ लागत नाही.

४. मराठीचे किती ध्वनी घ्यायचे? वर्णमाला जशीच्या तशी उचलली तर चालेल ना?

नाही. वर्णमाला लेखनाची यादी आहे, तुम्हाला ध्वनींची यादी हवी. काही ठिकाणी ती कमी पडते, काही ठिकाणी जास्त होते.

कमी पडते ती ‘च’, ‘ज’, ‘झ’ला. या तिघांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. ‘चिंच’ हा शब्द सावकाश म्हणा: पहिला ‘च’ तालव्य (जीभ टाळूकडे), शेवटचा दंततालव्य (जीभ दातांकडे). ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, यांचं लेखन एकच, उच्चार वेगळे. ‘छ’ला असा दुसरा उच्चार नाही.

जास्त होते ती ‘ष’ला, कारण बहुतेकांच्या बोलण्यात तो ‘श’सारखाच येतो. ‘ऋ’चा उच्चार ‘रु’ होतो, ‘ज्ञ’चा ‘द्न्य’. ‘ङ’ आणि ‘ञ’ स्वतंत्रपणे क्वचितच येतात, पुढच्या व्यंजनाच्या ओढीने ‘न’चेच ते बदललेले रूप असतात. ऱ्हस्व-दीर्घ इ-उ यांचा भेद लेखनात पक्का आहे, पण रोजच्या बोलण्यात तो शब्दातल्या जागेवर ठरतो.

सुरुवातीची यादी अशी धरा: स्पर्श व्यंजनं १६ (क, ट, त, प या चार वर्गांतली प्रत्येकी चार), च-वर्गाची तालव्य ४ आणि दंततालव्य ३, अनुनासिक ३ (न, ण, म), य-र-ल-व-ळ ५, स-श-ह ३. झाली ३४ व्यंजनं. स्वर आठ: अ, आ, इ, उ, ए, ओ, ॲ, ऑ. ‘ऐ’ आणि ‘औ’ दोन स्वरांच्या जोडीतून करा. एकूण ४२.

काही बोलींत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. तो दोष नाही. त्या बोलीसाठी टाइपफेस करत असाल तर यादी तेवढी लहान करा.

५. ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’, ‘व्ह’ हे स्वतंत्र ध्वनी धरायचे का?

‘म्हण’, ‘न्हाणं’, ‘व्हा’ म्हणताना श्वास त्या व्यंजनातच मिसळलेला असतो, मागून वेगळा ‘ह’ येत नाही. म्हणून ‘भ’ला महाप्राणत्वाचं जे लक्षण दिलं असेल तेच ‘म’, ‘न’, ‘ल’, ‘व’वर लावा. नवे आकार काढायची गरज पडत नाही. पडत असेल, तर प्रश्न ७ मधले नियम पुरेसे सुटसुटीत झालेले नाहीत असं समजा.

६. रेकॉर्डिंग आणि स्पेक्ट्रोग्राम यांत काय सांभाळायचं?

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. एमपी३ नको. दाबताना तिच्यातले वरच्या वारंवारतेचे तपशील जातात, आणि ‘स’ तिथेच राहतो. मायक्रोफोन तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर आणि थोडा बाजूला ठेवा. अगदी समोर ठेवलात तर ‘प’, ‘फ’, ‘भ’चा झोत थेट आदळतो आणि स्पेक्ट्रोग्रामच्या तळाशी जो काळा डाग पडतो तो ध्वनीचा नसतो, वाऱ्याचा असतो. सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या.

फोनवर रेकॉर्ड करत असाल तर पार्श्वगोंगाट कमी करणारी सोय आधी बंद करा. ती सोय ‘ह’ आणि महाप्राण श्वासालाच गोंगाट समजून पुसते, आणि मग ‘ख’ आणि ‘क’ सारखेच दिसतात.

व्यंजन एकटं म्हणू नका. दोन स्वरांमध्ये ठेवा (आका, आखा, आगा) आणि ते एकाच वाक्यात घाला, उदाहरणार्थ ‘आता आका म्हण’. प्रत्येक ध्वनी पाच वेळा घ्या. पहिला आणि शेवटचा टाका, कारण पहिल्यात जोर जास्त लागतो आणि शेवटच्यात सूर उतरतो. किमान तीन वेगवेगळे आवाज घ्या.

मापनासाठी प्रात हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ते ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचं. खिडकीची लांबी (एका वेळी मोजायच्या ध्वनीच्या तुकड्याची लांबी) ०.००५ सेकंद ठेवा. स्वरांसाठी ५,००० हर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरे, ‘स’साठी १०,०००च्या वर जा. फॉर्मंटची (स्वरात ठळक होणाऱ्या वारंवारतेच्या पट्ट्यांची) कमाल मर्यादा साधारणपणे पुरुषी आवाजाला ५,००० आणि बाईच्या आवाजाला ५,५०० ठेवतात. ही मर्यादा चुकली तर दोन फॉर्मंट एकत्र मोजले जातात आणि ‘उ’चे आकडे अर्थहीन येतात.

काय दिसेल? स्पर्श व्यंजनात आधी कोरी पट्टी (तोंड बंद) आणि मग बारीक उभी रेघ (सुटका). महाप्राणात त्या रेघेनंतर स्वर सुरू होईपर्यंत धुरकट भाग. घोष व्यंजनात कोऱ्या पट्टीच्या तळाशी काळसर पट्टा. अनुनासिकात तळाशी ठळक आणि वर फिकट. ‘र’मध्ये क्षणिक तुटी. मूर्धन्य (जीभ मागे वळवून म्हटलेल्या) ट-ड-ण-ळ यांच्या आसपास तिसरा फॉर्मंट खाली झुकतो, आणि ‘ल’-‘ळ’ वेगळे करायला ही खूण फार उपयोगी पडते.

७. ध्वनीचं रूपांतर आकारात नेमकं कसं करायचं? एखादं उदाहरण पायरीपायरीने द्याल का?

ओठांची ओळ घेऊ: प, फ, ब, भ, म. ग्लिफचा (फाँटमधल्या एका आकाराचा) चौकोन १,००० एककांच्या मापात ६०० रुंद आणि ७०० उंच धरा.

बंद होणं म्हणजे पूर्ण उंचीची भरीव उभी काठी, ८० एकक जाड. घोषत्व म्हणजे आधाररेषेवर डावीकडून उजवीकडे जाणारा ६० एकक जाड आडवा पट्टा. महाप्राण म्हणजे काठीच्या उजवीकडे तीन सुट्या आडव्या रेघा. अनुनासिक म्हणजे काठीच्या वर ७०० ते ८५० एककांमध्ये उघडी कमान, कारण हवा वरच्या वाटेने बाहेर पडते.

मग ‘प’ = काठी. ‘फ’ = काठी आणि तीन रेघा. ‘ब’ = काठी आणि पट्टा. ‘भ’ = काठी, पट्टा आणि रेघा. ‘म’ = काठी, पट्टा आणि कमान. (इथला ‘फ’ ‘फळ’मधला, ओठ मिटणारा. ओठ आणि दातांमधून घासत जाणारा ‘फ’ बोलत असाल तर काठी मध्ये ३० ते ४० एकक तोडा. घर्षणाचा हाच नियम ‘स’, ‘श’, ‘ह’ला लागेल.)

आता उच्चाराची जागा. सर्वांना पहिल्यांदा सुचणारा मार्ग म्हणजे चौकोनाचे पाच उभे भाग पाडून ओठांची काठी डावीकडे, कंठाची उजवीकडे आणि बाकीच्या मध्ये ठेवणं. कागदावर, चौकोन आखलेला असताना, हे सुरेख दिसतं. टाइप केलं की कोसळतं. चौकोन छापला जात नाही, त्यामुळे ‘प’, ‘त’ आणि ‘क’ या तिन्ही एकसारख्या काठ्या उरतात आणि वाचणाऱ्याला फक्त कमी-जास्त मोकळी जागा दिसते. बेल यांच्या पद्धतीतला दिशेचा दोष इथे स्थानाचा होतो.

म्हणून जागा काठीच्या घडणीतच घाला. ओठ: एकमेकांना टेकलेल्या दोन वक्रांची काठी, मध्ये कंबर बारीक. दंत्य: सरळ, कापलेल्या टोकांची. मूर्धन्य: वरचं टोक मागे, म्हणजे उजवीकडे, आकड्यासारखं वळलेलं. तालव्य: वरचा भाग घुमटासारखा रुंद. कंठ्य: तिरकी, खालचा भाग जड. स्थान ठेवायचं असेल तर दुय्यम खूण म्हणून ठेवा. एकेका लक्षणाला निदान एक अशी खूण हवी की शेजारी काहीही नसताना ती ओळखू येईल.

८. आणि स्वर?

स्वराला बंद होणं नाही, म्हणून काठी नाही. स्वर ही पोकळी आहे. तोंड जितकं उघडं तितका पहिला फॉर्मंट वर जातो, तेव्हा त्यावरून पोकळीची उंची ठरवा. दुसरा फॉर्मंट जीभ पुढे की मागे ते सांगतो, त्यावरून पोकळीचा फुगवटा डावीकडे की उजवीकडे ते ठरवा. पुरुषी आवाजात ‘ई’चे दोन फॉर्मंट साधारण ३०० आणि २,२००च्या पुढे, ‘आ’चे ७०० आणि १,१००च्या आसपास, ‘ऊ’चे ३०० आणि ८५०च्या आसपास पडतात. तुमचे आकडे तुम्ही मोजा.

आकडे थेट प्रमाणात लावू नका, लॉगरिदम घ्या. कान वारंवारतेतला फरक गुणोत्तराने ऐकतो. समजा २५० ते ८५० हर्ट्झ हे १०० ते ५०० एककांवर बसवायचं आहे. लॉगने ३०० हर्ट्झला सुमारे १६०, ५००ला ३२५ आणि ७००ला ४३५ एकक मिळतात. थेट प्रमाणात ३००ला फक्त १३३ येतात, आणि ‘इ’-‘उ’च्या पोकळ्या इतक्या चपट्या होतात की लहान मापात भरून जातात.

‘उ’, ‘ओ’, ‘ऑ’ला ओठ गोल होतात. त्यांच्या पोकळीची टोकं गोल ठेवा, बाकीच्यांची कापलेली.

९. टोकदार आवाजाला टोकदार आकार, मऊ आवाजाला गोल आकार, एवढं पुरेसं नाही का?

मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर यांनी १९२९ साली दोन आकृत्या आणि दोन निरर्थक नावं समोर ठेवली. टोकदार आकृतीला लोकांनी ‘टाकेटे’ हे नाव दिलं, गोल आकृतीला ‘बालुबा’. २००१ साली रामचंद्रन आणि हबर्ड यांनी ‘बूबा-किकी’ या नावांनी हाच विषय पुन्हा चर्चेत आणला. कल खरा आहे. पण त्यातून दोन टोपल्या मिळतात, बेचाळीस आकार नाहीत.

देवनागरी वाचणाऱ्यांबरोबर आणखी एक सापळा आहे. ‘ट’, ‘ठ’, ‘ढ’ हे आवाज कानाला कठीण, पण त्यांची अक्षरं पोटात गोल. साक्षर माणसाला ‘ट’ कसा वाटतो असं विचारलं की आवाज आणि अक्षर दोन्ही एकदम उत्तर देतात. म्हणून अशी चाचणी फक्त ऐकवून घ्या, कुठेही लिहून दाखवू नका, आणि ओळखीच्या शब्दांऐवजी निरर्थक जोड्या वापरा (मोलू, टिके).

संवेदनेचा थर टोकांच्या घडणीसाठी राखून ठेवा. नियम प्रश्न ७ मधले, स्पर्श इथला.

१०. पहिल्या टप्प्यात किती ग्लिफ काढावेत?

सहा: प, ब, म, क, स, आ. एवढ्यात जागा, घोषत्व, अनुनासिक, घर्षण आणि स्वर हे पाचही नियम तपासून होतात. ‘काम’, ‘बाप’, ‘माप’, ‘सामाप’ असे खरे-खोटे शब्द लिहून बघा. हे सहा एका कुटुंबातले दिसत नाहीत तोवर सातव्याला हात लावू नका.

११. शिरोरेषा ठेवायची का? अक्षरांतलं अंतर कसं ठरवायचं?

शिरोरेषा काढून टाका. तिचं काम खालचा घोषत्वाचा पट्टा जास्त चांगलं करतो. सगळे स्वर घोष असतात, त्यामुळे पट्टा ओळभर वाहत राहतो आणि फक्त क-त-प-स अशा अघोष व्यंजनापाशी तुटतो. बोलताना कंठातला कंप नेमका असाच सुरू-बंद होतो. ‘मामा’ अखंड दिसेल, ‘पपई’ दोनदा तुटलेली. या सगळ्या खटाटोपात आम्हाला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

यासाठी पट्टा ग्लिफच्या दोन्ही कडांबाहेर १०-१० एकक जाऊ द्या. कडेशी नेमका थांबवला तर पडद्यावर दोन ग्लिफमध्ये केसाएवढी पांढरी फट दिसते. उलट अडचण अर्धपारदर्शक रंगात येते: काही ठिकाणी प्रत्येक ग्लिफ स्वतंत्र रंगवला जातो आणि जिथे पट्टे एकावर एक येतात तिथे गडद ठिपका पडतो. तेव्हा मजकुराची बाह्याकृती करून सगळे आकार एकत्र जोडून घ्या. कर्निंग (ठरावीक जोडीसाठी कमी-जास्त केलेलं अंतर) घोष-घोष जोडीला शून्य. पट्टा जुळलाच पाहिजे.

१२. ग्लिफ कोणत्या कोडवर बसवायचे? देवनागरीच्या, की वेगळ्या?

युनिकोडमधल्या देवनागरीच्या कोडवर (०९०० ते ०९७एफ) बसवले तर नेहमीच्या कीबोर्डवरून टाइप होतं, मजकूर शोधता येतो आणि पडदावाचक सॉफ्टवेअर तो बरोबर वाचतं. किंमत अशी की देवनागरीचे मांडणीचे नियम आपोआप लागू होतात. पहिला फटका ऱ्हस्व वेलांटीचा. ‘कि’मध्ये ध्वनी आधी ‘क’ मग ‘इ’, पण मांडणीयंत्र वेलांटी ‘क’च्या आधी नेऊन ठेवतं, आणि फाँटमधून ते थांबवता येत नाही. उपाय: वेलांटी आणि व्यंजन अशा प्रत्येक जोडीचा एक तयार ग्लिफ करा, ज्यात ‘इ’ची पोकळी उजवीकडे असेल, आणि ओपनटाइपच्या (फाँटच्या रूढ स्वरूपाच्या) अदलाबदलीच्या नियमाने जोडीच्या जागी तो आणा. दंततालव्यासकट असे ३४ ग्लिफ होतात. काम कंटाळवाणं आहे, पण छोट्या स्क्रिप्टने जुळवता येतं.

दुसरा मार्ग खासगी वापराच्या विभागाचा (ई००० ते एफ८एफएफ, ६,४०० जागा). तिथे कुणी ढवळाढवळ करत नाही. पण फाँट बदलला की मजकूर रिकाम्या चौकटी होतो आणि पडदावाचकाला काहीच कळत नाही. भित्तिपत्र किंवा मांडणशिल्पासाठी ठीक, वेबपानासाठी नाही.

तिसरा मार्ग, रोमन कीवर आकार बसवणं, टाळा. मजकूर म्हणून जे साठवलं जातं ते निरर्थक असतं.

१३. ‘च’चे दोन उच्चार लेखनात एकच आहेत. फाँटला कसं कळणार?

पूर्णपणे कळणार नाही. अर्धं काम नियमाने होतं: इ, ई, ए आणि ‘य’च्या आधी ‘च’, ‘ज’ बहुधा तालव्य असतात, तिथे तालव्य आकार ठेवा. बाकी ठिकाणी लिहिणाऱ्याला सोय द्या. सोपी सोय म्हणजे नुक्ता (अक्षराखालचं टिंब): व्यंजनानंतर नुक्ता टाइप केला की दंततालव्य आकार यावा. ‘चार’ (संख्या) नुक्त्याशिवाय, ‘चोर’ नुक्त्यासह.

१४. ‘घर’ लिहिलं की ‘र’नंतरचा ‘अ’ दाखवायचा का?

नाही, कारण तो उच्चारला जात नाही. शब्दाच्या शेवटी मात्रा नसलेलं व्यंजन आलं तर स्वराचा ग्लिफ जोडू नये, एवढा संदर्भनियम फाँटमध्ये घालता येतो. त्याला अपवाद हवेत: शेवटी जोडाक्षर असेल (शब्द, चंद्र) तर पुसट ‘अ’ राहतो, आणि ‘व’, ‘न’ असे एकाक्षरी शब्दही सोडावे लागतात.

शब्दाच्या मध्ये गळणारा ‘अ’ फाँटच्या आवाक्याबाहेरचा आहे. ‘सरकार’मधल्या पहिल्या ‘र’ला स्वर नाही, ‘करवत’मध्येही तसंच, पण ‘कमळ’मधल्या ‘म’ला आहे. हे शब्दाच्या रचनेवर ठरतं. मजकूर आधी उच्चारानुसार लिहून घ्या (सर्कार), मग फाँट लावा. मोठ्या मजकुरासाठी पायथनमधली छोटी स्क्रिप्ट आणि अपवादांची यादी लागते.

१५. जोडाक्षरं आणि द्वित्त कशी दाखवायची?

जोडाक्षर म्हणजे स्वर मध्ये न येता एकामागून एक आलेली दोन व्यंजनं, म्हणून आकारही तसेच शेजारी, पण मधलं अंतर निम्मं. एकाखाली एक रचू नका. ध्वनी वेळेत पुढे जातो, खाली नाही. द्वित्तात तोंड एकदाच बंद होतं आणि जास्त वेळ बंद राहतं. ‘पता’ आणि ‘पत्ता’ म्हणून बघा. त्यामुळे काठी दोनदा काढू नका. एकच काठी ८० ऐवजी १४० एकक करा.

१६. व्हेरिएबल फाँट करून आवाजाशी जोडता येईल का?

येईल. व्हेरिएबल फाँटमध्ये एकाच फाइलमधले आकार ठरलेल्या अक्षांवर सलग बदलता येतात, आणि हे तंत्र २०१६ पासून ओपनटाइपमध्ये आहे. दोन अक्ष पुरेत: आवाजाचा जोर म्हणजे जाडी, कालावधी म्हणजे रुंदी. प्रत्येक फॉर्मंटला अक्ष देण्याचा मोह होतो, पण चार अक्षांच्या सगळ्या टोकांना आकार शाबूत ठेवणं फार जिकिरीचं असतं.

सगळ्या मास्टरमध्ये (अक्षाच्या टोकांसाठी काढलेल्या मूळ आकारांत) बिंदूंची संख्या, क्रम आणि सुरुवातीचा बिंदू सारखा हवा. यातला एक जरी चुकला तर आकार मधल्या अवस्थेत पिळवटतो. महाप्राणाच्या रेघा ‘शून्य जाडी’पासून उगवू देऊ नका, शून्याच्या मास्टरवर त्या जागी मळकट रेघ राहते. त्याऐवजी ठराविक मूल्यानंतर पूर्ण ग्लिफच बदला.

थेट मायक्रोफोनला जोडताना आवाजाची कच्ची पातळी वापरली तर अक्षरं थरथरतात. पातळी डेसिबलमध्ये बदला आणि ५० ते १०० मिलिसेकंदांची सरासरी घ्या. त्याहून जास्त घेतली तर ‘प’ची सुटका निसटून जाते.

१७. मोठ्या मापात छान दिसतं, लहान केलं की सगळं गिचमिड होतं. का?

हिशेब करा. १,००० एककांच्या ग्लिफमधली २० एककांची रेघ १६ पिक्सेलला ०.३२ पिक्सेल होते, म्हणजे दिसतच नाही. ४० एककांची रेघ २४ पिक्सेलला जेमतेम एक पिक्सेल भरते. महाप्राणाच्या रेघा आणि त्यांच्यातली फट दोन्ही किमान ४० ठेवा, आणि टाइपफेसचं सर्वांत लहान माप २४ पिक्सेल असं स्पष्ट लिहून टाका.

१८. कोणतं सॉफ्टवेअर लागतं?

फाँटफोर्ज मोफत आहे आणि या कामाला पुरतं. मॅकवर ग्लिफ्स जास्त सोयीचं, विशेषतः व्हेरिएबल फाँटसाठी. फाँटलॅबही चालतं. आकडे थेट आकारात ओतायचे असतील तर पायथनची फाँटटूल्स ही लायब्ररी. पहिली रेखाटनं मात्र आलेखाच्या कागदावर करा, नियम तिथे लवकर सापडतात.

१९. टाइपफेस खरंच ध्वनी सांगतो आहे, हे कसं तपासायचं?

ज्यांनी प्रकल्प पाहिलेला नाही असे आठ-दहा जण घ्या. आधी सहा ग्लिफ आणि त्यांचे आवाज दाखवा (प्रश्न १०), नियम समजावू नका. मग न दाखवलेला ग्लिफ, उदाहरणार्थ ‘ग’, समोर ठेवा आणि चार आवाज ऐकवून विचारा, यातला कोणता? नुसत्या अंदाजाने चारात एक, म्हणजे २५ टक्के उत्तरं बरोबर येतील. त्याहून ठळकपणे वर असाल तर नियम आकारातूनच कळतो आहे.

चुका नोंदवा, त्या बरोबर उत्तरांपेक्षा उपयोगी असतात. ‘ग’ला ‘क’ म्हणणारे जास्त असतील तर पट्टा बारीक पडतो आहे. ‘ग’ला ‘ब’ म्हणणारे जास्त असतील तर काठीच्या घडणीत जागा नीट उतरलेली नाही. ‘ग’ला ‘स’ म्हणणारे निघाले तर ‘स’ची फट पुरेशी दिसत नाही.

२०. प्रकाशित करताना परवान्याचं काय?

फाँट खुला ठेवायचा असेल तर सिल ओपन फाँट परवाना रूढ आहे: कुणीही वापरावा, बदलावा, मात्र फाँट सुटा विकता येत नाही आणि बदललेली आवृत्तीही त्याच परवान्याखाली राहते. ज्यांचे आवाज रेकॉर्ड केले त्यांची लेखी संमती घ्या. ध्वनिफिती सोबत देणार असाल तर ते संमतीत स्वतंत्र लिहा.

२१. जिभेचा ‘च्च्’, हुंकार, उसासा, शिट्टी यांना आकार देता येतील का?

येतील, आणि द्यावेत. बोलण्यात ते असतातच. हळहळताना काढलेल्या ‘च्च्’मध्ये हवा बाहेर न जाता आत खेचली जाते, म्हणून दंत्य काठी घ्या आणि महाप्राणाच्या रेघांप्रमाणे तीन रेघा तिच्या डावीकडे, बाहेरच्या बाजूला काढा. हुंकार म्हणजे तोंड मिटलेलं आणि हवा नाकातून: ‘म’चाच आकार, रुंदी दुप्पट. उसाशाला काठीही नाही आणि पट्टाही नाही, नुसत्या रेघा. शिट्टीत कंठ कंप पावत नाही, म्हणून पट्टा काढून टाका आणि ‘उ’ची गोल पोकळी तेवढी ठेवा. या चौघांना युनिकोडमध्ये देवनागरीची जागा नाही, तेव्हा ते खासगी विभागात बसवा (प्रश्न १२) आणि सोबतच्या माहितीफाइलमध्ये कोणता कोड कोणत्या आवाजाचा ते लिहून द्या.